तिचं जेवण होईपर्यंत

थर्मासला मी लाथ मारली तेव्हा त्यात माझ्या धाकट्या बहिणीचं संध्याकाळचं सगळं जेवण होतं. आतली काच फुटली, कोमट दूध खाटेखालून वाहत शेजारच्या खाटेपर्यंत गेलं आणि तिच्या नवऱ्यानं माझा हात मागं पिरगाळून मला भिंतीवर आपटलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. वॉर्डातल्या बायका ओरडायला लागल्या. रखवालदारानं आम्हा दोघांना मानगुटीला धरून जिन्यापर्यंत ढकलत नेलं. त्या लाथेचा मला तेव्हाही पस्तावा नव्हता, आजही नाही. फक्त दुधाचं वाईट वाटलं, कारण दुसरं काही तिच्या तोंडात जात नव्हतं.

धाकटीला आम्ही वडनेरच्या बाजूला दिली होती. नवरा टेम्पो चालवायचा. एका संध्याकाळी त्यानं टेम्पोचं चाक खोलायची लोखंडी टॉमी तिच्या तोंडावर मारली. कारण काय होतं ते मी सांगणार नाही; कारण सांगितलं की लोक ते तोलत बसतात. जबडा दोन ठिकाणी मोडला, बाजूचा एक दात मुळासकट गेला. रात्रभर त्यानं तिला तशीच घरात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आणली. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. जे काही पोटात जाईल ते पातळ, आणि तेही त्या पडलेल्या दाताच्या फटीतून.

मी देवळीला असते, ब्लाऊज शिवते. मला कोणी कळवलंच नाही. शेजारच्या गावातून उडत उडत बातमी आली तेव्हा हातातलं काम टाकून निघाले. पोचले तोवर दवाखान्यातल्या पोलीस चौकीत 'न्हाणीघरात घसरून पडली' असं लिहून झालं होतं. ते कसं झालं हे मला दुसऱ्या संध्याकाळी कळलं. तो थर्मास घेऊन आला, कडेवर त्यांची चार वर्षांची पोरगी. पोरीला खाली ठेवून झाकण उघडलं, दुधाचा वास सुटला, आणि दूध न ओतताच त्यानं विचारलं, "काय झालतं?"

धाकटी दातांच्या आतून म्हणाली, "पडली."

मग त्यानं फुलपात्र पुढं ओढलं. चौकीत लिहून घेतलं त्या दिवशीही, आदल्या दिवसापासून पोटात पाण्याचा थेंब नसताना, पोलिसासमोर, त्यानं असंच दूध हातात धरून तिला मान हलवायला लावली होती. कुत्र्याला भाकरी दाखवून बसवतात तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि पायानं आपलं काम केलं.

जिन्यात शर्टाची बाही सारखी करत तो मला म्हणाला, "आता तूच पाज तिले. दोन दिवस उपाशी राह्यली का माह्याच पायाशी येते, पाह्यजो."

तेव्हा मला कळलं की भांडण कशाचं आहे. धाकटीचं पोट ज्याच्या हातात, धाकटी त्याची. तिला सुट्टी मिळेपर्यंत तिचं पोट त्याच्या हातातून सोडवायचं, एवढंच मला करायचं होतं.

आणलेले पैसे बाहेरच्या औषधात गेले होते. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "जवायाशी भांडू नोको." मी फोन कापला. दवाखान्यातून पेशंटला पोळी, भाजी, भात मिळायचा आणि सकाळी एक कप दूध. पोळी-भाजी मी खाल्ली. धाकटी त्या एक कप दुधावर दिवसभर खाटेवर पडून राहिली आणि मी बाहेर पडले.

वर्ध्यात फुकट जेवण मिळत नाही असं कोणी म्हणालं तर मी त्याच्या थोबाडीत मारीन. मिळतं, भरपूर मिळतं. दवाखान्याच्या भोवती पुण्य कमवायला येणाऱ्यांची काय कमी! दुपारी फाटकाशी गाडी यायची, तिच्यात पुरी आणि बटाट्याची भाजी. शनिवारी मारुतीच्या देवळापुढं मसालेभात. कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध असलं की बुंदीची पाकिटं. पण सगळं कोरडं, सगळं चावायचं. तोंड बंद करून ठेवलेल्या माणसाला भूक लागते हे दान करणाऱ्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी जिथं तिथं विचारायची, "पातळ काही आहे का?" लोक असं बघायचे की मी त्यांच्या तिजोरीची किल्ली मागितली.

एकाचा वाढदिवस होता. पांढराशुभ्र शर्ट घालून तो कचोऱ्या वाटत होता आणि त्याचा मित्र मोबाईलवर फोटो काढत होता. माझ्या हातात पत्रावळ देऊन मित्र म्हणाला, "मावशी, जरा हसा ना." मी म्हटलं, पेशंटसाठी थोडं ताक मिळेल का, मग हसते. वाढदिवसवाला म्हणाला, "फुकटात आता ज्यूसही पायजे का?" भीक नको पण कुत्रा आवर, तशी माझी गत. मी ती कचोरी चटणीसकट त्याच्या पांढऱ्या शर्टावर पुसली. त्यानंतर त्या कोपऱ्यावर मला कोणी उभं करेना.

मग मी अक्कल चालवली. पुऱ्या पाण्यात कुस्करल्या, ओढणीतून गाळल्या आणि ते पाणी धाकटीला पाजलं. कण तारेत अडकले. तिला उमासा आला आणि बांधलेल्या दातांमागं ती गुदमरायला लागली. उलटी झालीच तर तार कापायला एक पकड उशाशी टांगलेली होती. ती मी हातात घेतली, आणि कुठली तार कापायची ते मला कळेना. नर्स धावत आली. तिनं धाकटीला पुढं वाकवून पाठीवर थापट्या मारल्या आणि मला शिव्या दिल्या. त्या शिव्या मी मुकाट्यानं घेतल्या.

त्याच संध्याकाळी तो नवा थर्मास घेऊन दारात उभा राहिला. "काय झालतं?"

धाकटीनं माझ्याकडं पाहिलं, मग थर्मासकडं. "पडली," ती म्हणाली.

ती दूध पीत असताना मी बाहेर जाऊन धुणी धुवायच्या दगडावर मूठ आपटली. बोटांची सालं निघाली. आत जाऊन त्याचा गळा धरायची माझी तयारी होती, पण मग तिला उद्या पाजणार कोण?

दुसऱ्या दिवशी फाटकाशी गाडीतून वरण-भात आला. वरण! मी रांगेत घुसले, कोपरानं दोघींना बाजूला सारलं. बादलीशी पोचले तेव्हा तळाला दोन पळ्या वरण उरलं होतं आणि माझ्या डब्याशेजारी आणखी एक डबा पुढं आला होता. बुटकी, काटक बाई, डोक्यावरून ओढणी. मी तिचा डबा ढकलला. तिनं तोच डबा माझ्या कपाळावर हाणला. मी तिचे केस धरले, तिनं माझा गाल ओरबाडला, आणि आम्ही दोघी रस्त्यावर लोळलो. लोक हसत होते. वाढणारा वैतागून म्हणाला, "घ्या, दोघींलेही नोको," आणि ते वरण त्यानं नालीत ओतलं.

आम्ही दोघी तशाच बसून नालीकडं बघत राहिलो. माझ्या कपाळातून रक्त डोळ्यात येत होतं. तिनं आपल्या ओढणीचं टोक माझ्या कपाळावर दाबून धरलं आणि रडत रडत म्हणाली, "मेरे आदमी के गले में नळी हाय, बाई. वो क्या पुरी खाएगा?"

ती गिरडची. तिचा नवरा पुरुषांच्या वॉर्डात होता. मी तिला माझ्या बहिणीच्या तोंडाचं सांगितलं. ऐकून तिनं माझ्या बहिणीच्या नवऱ्याला अशी शिवी दिली की मला ती बाई आवडूनच गेली. तिनंच मला सांगितलं की धान्याच्या बाजारामागं एका दुकानदार घराण्यानं अन्नछत्र चालवलंय. रोज दुपारी जमिनीवर पंगत बसते आणि वरण मोठ्या पातेल्यात शिजतं, हवं तितकं वाढतात. पण डबा भरून देत नाहीत, तिथंच बसून जेवावं लागतं. तिच्या नवऱ्याला खाटेवरून उठता येत नव्हतं. माझी बहीण चालू शकत होती.

अन्नछत्राची मालकीण साठीपुढची म्हातारी. हातात कायम वरण वाढायचं पितळी ओगराळं, लांब दांड्याचं. माझं कपाळ आणि गाल, तिचे विस्कटलेले केस बघून म्हणाली, "कोणाशी भांडून आल्या?"

"एकमेकीशी," मी म्हटलं.

तिला ते पटलं. म्हणाली, "बहिणीले घेऊन येजो. वाढाले हात कमी हायेत, तुम्ही दोघी वाढत जा. तुह्यासाठी नियम मोडतो," हे गिरडच्या बाईला, "तुह्या माणसाचा डबा रोज भरीन."

नियम तिथं आणखी एक होता आणि तो मी पहिल्याच दिवशी पाहिला. पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी उठायचं नाही. लहान लेकरांना सूट, बाकी कोणालाच नाही. धाकटीला नर्सची परवानगी काढून मी हाताला धरून आणली होती. ती फटीतून वरण ओढायची, थांबायची, डोळे मिटून गिळायची. सगळी पंगत आटोपली तरी तिची वाटी अर्धी होती. समोरच्या ओळीतला एक दणकट माणूस कुरकुरत उठायला लागला. म्हातारीनं ओगराळ्याचा दांडा त्याच्या गुडघ्यावर असा हाणला की तो "आई गं" करून खाली बसला.

"माही सासू जन्मभर अर्ध्या पोटी उठली," म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "मोठा माणूस उठला का पंगत उठे, अन् तिचं जेवण नुसतं सुरू झालेलं राहे. इथं तसं नाई चालत. बसा."

साठ-सत्तर माणसं हात वाळवत बसली आणि माझी बहीण जेवली. लाजेनं तिची मान खाली होती. पण तिनं वाटी संपवली, आणि मला रडू आलं ते मी बादलीवर वाकून लपवलं.

दुपारचं वरण असं पोटभर जायला लागलं. संध्याकाळसाठी म्हातारी ताकाची बाटली द्यायला लागली. एकदा नियम मोडला की तिचा हात सैल सुटला होता. दवाखान्यात आल्यापासूनचा धाकटीचा ताप उतरला, डोळ्यांत जीव आला. मग एका संध्याकाळी तो आला, झाकण उघडलं आणि विचारलं, "काय झालतं?"

धाकटीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

त्यानं पुन्हा विचारलं. ती वळली नाही. तो खाटेच्या दांडीला धरून उभा राहिला, त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली. मला वाटलं आता मारतो. मी ती तार कापायची पकड हातात घेऊन उभी होते आणि देवाशपथ, मी ती त्याच्या डोळ्यात खुपसली असती. त्यानं सगळं दूध जमिनीवर ओतलं. जाताना पोरीला खांद्यावर घेऊन म्हणाला, "हे माह्यापाशीच हाय. सुट्टी झाली का मांगंमांगं येशीन."

दूध सुटलं, पण पोरगी त्याच्या हातात होती. धाकटी रात्री खाटेपाशी सुटून राहिलेली पोरीची छोटी चप्पल उशाखाली घेऊन झोपायची. ती जाईल हे मला दिसत होतं. पोरीसाठी ती टॉमीखाली पुन्हा तोंड धरेल, हे मला दिसत होतं.

सुट्टीचा दिवस उजाडला. डॉक्टरांनी सकाळीच कागद दिले. मी म्हटलं, आधी जेव, मग बघू. आम्ही पंगतीला गेलो आणि वॉर्डात विचारत तो तिथंच आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला टिळा, कडेवर पोरगी. दारातूनच लोकांना सांगत होता, घरवाली पडली बिचारी, घ्यायला आलो. पोरगी आईला बघून ओरडली, तेव्हा चार लोकांत बरं दिसावं म्हणून त्यानं तिला खाली सोडलं. ती धावत जाऊन धाकटीच्या मांडीवर बसली.

म्हातारीला मी सगळं सांगितलेलं होतं. ती पुढं झाली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले. "जवाईबापू आले! पाट आणा रे. जेवल्याबिगर जावई जाते का?"

त्याचा चेहरा फुलला. आमच्याकडं जावयाला पाट मांडला की जावई नाही म्हणत नाही. तो मान सोडून माघारी गेलेला जावई मी तरी पाहिला नाही. सगळा हॉल बघत होता. तो पुरुषांच्या ओळीत पहिल्या पाटावर मांडी घालून बसला. म्हातारीनं स्वतः तूप वाढलं.

मी पोरीला पटापट चार घास भरवले. गिरडची बाई पाण्याचा जग घेऊन बायकांच्या ओळीतून येत होती. मी तिच्या कानाशी लागले. देवळीची बस, तिथल्या स्टँडवर माझा नवरा उभा राहील, फोन मी आत्ता करते. तिनं एकदा आपल्या माणसाच्या रिकाम्या डब्याकडं पाहिलं, तो भरून पोचवायला माझ्या हातात दिला आणि पोरीला कडेवर घेतलं. "चल बेटा, हात धुयेंगे." मागच्या दारानं ती हात धुवायला गेली ती गेलीच.

त्यानं भराभर जेवण उरकलं, ढेकर दिला आणि उठायला लागला. "जवाईबापू," म्हातारी म्हणाली, "पंगत चालू हाय."

"कोणाची?"

म्हातारीनं ओगराळ्यानं दाखवलं. समोरच्या ओळीत त्याची बायको वाटी तोंडाला लावून बसली होती. त्यानं पाडलेल्या दाताच्या फटीतून वरणाचा एक घोट गेला. ती थांबली. गिळलं. दुसरा घोट. तो हसत बसला, मग हसणं गेलं, मग मांडी बदलली. ज्याच्या गुडघ्यावर दांडा बसला होता तोच माणूस शेजारून त्याला म्हणाला, "बसा भाऊ, इथं असंच हाय." त्यानं आजूबाजूला नजर फिरवली.

"पोट्टी कुठं हाय?"

त्यानं मागच्या दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि त्याला समजलं. ताट लाथेनं उडवून तो उठला. भात समोरच्यांच्या अंगावर गेला. "रांड!" म्हणत तो हात उगारून सरळ धाकटीवर धावला. पंगतीतलं कोणी उठलं नाही. बसल्या जागेवरून त्यांनी त्याचे पाय धरले. एकानं घोटा, दुसऱ्यानं पोटरी, एका म्हाताऱ्या बाईनं पँटचं टोक. तो तोंडावर आपटला. ओठ फाटला, फरशीवर रक्त आलं. तरी तो सरपटत पुढं येत होता, धाकटीच्या पदराला त्याची बोटं लागली, आणि मी त्याच्या डोक्याशी वाफाळत्या वरणाची बादली घेऊन उभी होते.

ओतावं असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, बादली मी तिरपी केलीही होती. त्याच्या मानेवर वाफ जात होती.

तेवढ्यात फरशीवर वाटी वाजली. धाकटी रिकामी वाटी आपटत होती. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं वाटी वर धरली होती आणि हात जराही हलत नव्हता.

"बाई," ती दातांच्या आतून म्हणाली, "वाढ."

आमच्याकडं थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. वाढ असं मात्र तिनं जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं. मी बादली सरळ केली आणि तिची वाटी भरली.

"बसवा त्याले," म्हातारी म्हणाली. "तिचं जेवण नाई झालं." चुलीपाशी असलेल्या चौघांनी येऊन त्याला दंडाला धरून परत पाटावर बसवला. तो शिव्या देत होता, धमक्या देत होता, हनुवटीवरून रक्त शर्टावर टपकत होतं. धाकटी त्याच्याकडं बघत एकेक घोट घेत होती. पहिल्या दिवशी तिची मान खाली होती, आज नव्हती. ती वाटी संपली तेव्हा तिनं आणखी एक मागितली. शिव्या हळूहळू संपल्या. हॉलमध्ये फक्त तिच्या पिण्याचा आवाज उरला. माझा फोन वाजला. नवऱ्याचा होता: पोरगी उतरली, बिस्कीट खात आहे. मी तिच्या कानात सांगितलं. तिनं उरलेलं वरण संपवलं, वाटी पालथी घातली आणि उभी राहिली.

मग सगळी पंगत उठली.

त्याला धरून लोक मागून आणत होते. आम्ही सरळ दवाखान्यातल्या पोलीस चौकीत गेलो. तिथला हवालदार तोच होता. धाकटीनं उभ्यानंच, एकेक शब्द तारेतून काढत, टॉमीचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि जरा चिडूनच विचारलं, "मंग त्या दिवशी पडली म्हणून काऊन सांगितलं होतं?"

धाकटीनं जबड्याला हात लावला.

"तवा मी उपाशी होती," ती म्हणाली.